खाचेतला अंगठा

बारक्या दारात उभा राहिला तरी मी मान वर केली नाही. सख्खा धाकटा भाऊ असला म्हणून काय झालं? तीन वर्षांपूर्वी याच दारातून मी त्याला हाकललं होतं, आणि हाकललं ते बरंच केलं असं माझं ठाम मत होतं.

"ताई, पाच वाजता गिटार कारखान्याचे मालक तुला फोन करणार आहेत," तो म्हणाला. "मला कामावर घ्यायचं म्हणतात. पण आधी तुला विचारायचंय त्यांना."

"विचारू देत की. मला काय तोंड नाही?"

"तोंडाचीच भीती आहे. खरं तेवढं सांग."

बघा! माझ्याच गिटारच्या दुकानात उभं राहून मला शहाणपणा शिकवतोय. खरंच सांगणार होते मी. याने चिकटवलेलं सुटतं, हे खरं. बाजारातल्या प्रत्येक दुकानात मी ते सांगितलं होतं, म्हणून तर त्याला कुणी पटाशीसुद्धा हातात धरू देईना. कार्यक्रमांना स्पीकर उचलायला जायचा. हा कारखाना गेला, तर आयुष्यभर तेच करायचं होतं त्याला.

आणि पुरावा कसा, अगदी वेळेवर चालत आला होता. आदल्याच दिवशी बँडवाल्याने ती गिटार परत आणून टाकली होती. काळी इलेक्ट्रिक गिटार, काठाला पांढरी प्लास्टिकची पट्टी. तिला आम्ही बाइंडिंग म्हणतो. लाकडाच्या कडेला खाच पाडायची, त्यात पट्टी चिकटवायची, टेपने आवळून एक दिवस ठेवायची. तीन वर्षांपूर्वी हिची खाच मी पाडली होती आणि पट्टी बारक्याने चिकटवली होती. आठ दिवसांत भर कार्यक्रमात ती गिटारच्या कमरेपाशी सुटली आणि बँडवाल्याच्या शर्टात अडकली. लोक हसले. त्याच संध्याकाळी मी बारक्याला घालवला आणि पट्टी स्वतःच्या हाताने पुन्हा लावली. आता तिथेच, कमरेपाशीच, नखभर फट पडली होती.

"ये, आत ये. तुझे प्रताप बघून जा," मी म्हटलं. "मुळात खाचेची तू अशी वाट लावलीस, की माझ्या हातचं कामही टिकलं नाही."

तो आला. हाताची घडी घालून टेबलापाशी उभा राहिला. त्या घडीचाच मला जास्त राग आला.

मी हाताला मलम चोळलं. थिनरने माझ्या बोटांना भेगा पडतात, त्यामुळे डबी कायम टेबलावर असते. मग पातळ सुरी फटीत सरकवली, हीट गनने पट्टीला जरा ऊब दिली आणि हळूहळू उचलली. वीतभर पट्टी सहज निघून आली. सगळा गोंद पट्टीला होता. लाकूड कोरं.

"बघ! लाकडाने गोंद धरलाच नाही. पहिल्या वेळी तू खाच साफ न करता थापलास मेल्या, ते लाकडात मुरलंय!"

"पट्टी उलटी कर," बारक्या म्हणाला.

"मला सांगू नकोस."

"कर ना. घाबरतेस कशाला?"

घाबरते? मी? मी पट्टी उलटी करून दिव्याखाली धरली. वाळलेल्या गोंदात गुळगुळीत डाग होते, बोटाएवढे, एकापुढे एक. एका डागात बारीक रेषा उमटल्या होत्या, आणि त्या रेषांना छेदून एक आडवी चीर.

ही पट्टी तर मी एकटीने लावली होती. आणि माझ्या उजव्या अंगठ्यावर पटाशीची जुनी खूण आहे. आडवी.

खाच तयार झाली की मी तिच्यावरून अंगठा फिरवते. अंगठ्याला खडबडीत लागलं नाही, की मग गोंद. सगळा बाजार माझ्या अंगठ्याचं कौतुक करतो. आणि अंगठ्याला दिवसभर मलम! कमरेच्या वळणावर तर मी दोन-दोनदा फिरवते. तेलकट लाकूड गोंद कसा धरणार, कपाळ माझं?

पहिल्यांदा पट्टी लावली तो दिवस मला लख्ख आठवला. मी खाचेवर अंगठा फिरवत होते आणि हा गोंदाची बाटली धरून बाजूला उभा होता. तेव्हा म्हणाला होता, "ताई, आधी हात पूस." आणि मी गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हटलं होतं, "काल आलास आणि मला शिकवतोस?"

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"मी बोललो होतो. तू ऐकलं नाहीस."

फोन वाजला. पाचला दोन मिनिटं होती. मालक मेला वेळेचा पक्का निघाला.

"ताई, तुमच्या भावाबद्दल जरा विचारायचं होतं," मालक म्हणाले. "त्याचं बाइंडिंग सुटतं असं बाजारात ऐकलं. खरं का?"

बारक्या माझ्याकडे बघत होता. एवढंच म्हणायचं होतं, हो, सुटतं. दुकान माझं, नाव माझं, आणि ती पट्टी मी पाच मिनिटांत खरवडून टाकली असती.

"सुटलं ते माझ्यामुळे," मी म्हटलं. "मी तेलकट हात लावला होता. तो सांगत होता, मी ऐकलं नाही. वर बाजारभर त्याचंच नाव खराब केलं. त्याला घ्या. आणि हे कुणाला सांगायचं असेल तर खुशाल सांगा."

फोन ठेवला. गोड बोलायचं मनात होतं, पण तोंडातून आलं ते असं, "झालं समाधान?"

"तीन वर्षं, ताई," तो म्हणाला. "आईच्या आजारपणातसुद्धा तू मला जिन्यावर ताटकळत ठेवलंस."

"थांब जरा. ही पट्टी आवळायला चार हात लागतील."

"तुला दुसऱ्याचे हात कधी लागले?"

तो निघाला. आमच्याकडे घराबाहेर पडताना 'येतो' म्हणायची सवय आहे. तो 'जातो' म्हणाला.

मी खाचेतला जुना गोंद खरवडला, थिनरने लाकूड पुसलं, टेपचे तुकडे कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवले. बाटली उघडली. आणि बघते तर अंगठा आपला खाचेकडे निघालेला, सवयीने.

"हात पूस, भवाने!" मी रिकाम्या दुकानात मोठ्याने ओरडले.

पुसला. मग पुन्हा पुसला.