एनकभाऊला कुणी विचारायचं?

एनक बॅरक्लॉ यॉर्कशरच्या डोंगरातला विणकर. क्रॅगशॉ गावातल्या मेथडिस्ट या नव्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचा पुढारीही तोच. गावच्या पाद्र्यानं या पंथाला चर्चचं दार बंद केलं, तेव्हा तो दगडखाणीच्या तोंडाशी उभा राहून बोलला. देवाची दया मोजक्यांसाठी नाही, दारुड्यासाठीसुद्धा आहे, आणि ती मिळाली की माणसाला आतून कळतंच, हे त्याचं सांगणं. त्या दिवशी लूक मर्गट्रॉइड खाटकानं ढोल बडवून त्याचा आवाज बुडवला, वर दगड मारून कपाळ फोडलं. पुढल्या हिवाळ्यात तोच लूक टोपी चुरगाळत दारात आला. "मला तुमच्यात घेता का?" एनकनं घेतलं.

पुढे एका वर्षी देवीच्या साथीत एनकची धाकटी मुलगी टॅबिथा गेली. तिला पुरून आल्यावरही मंडळींची गुरुवारची बैठक त्यानं चुकवली नाही. एकेकाला विचारायचा, "आत्म्याचं कसं चाललंय?" लोक मन मोकळं करायचे, रडायचे. त्याच्या स्वतःच्या आत मात्र सगळं गार पडलं होतं. प्रार्थना निव्वळ सवयीनं तोंडातून निघायची.

बायकोला, मर्सीला, ते कळत होतं. "सांगून टाका त्यांना."

"काय सांगू? गावभर वाटतो ते माझ्याच घरात नाही म्हणून?"

"मग असंच रेटणार?"

तो मागावर जाऊन बसला.

पुढच्या गुरुवारी सगळ्यांचं विचारून झालं. एनक गुडघे टेकणार, तोच लूक म्हणाला, "थांब एनकभाऊ. तुझं राहिलं."

"माझं काय?"

"आम्हाला दर आठवड्याला पिळून काढतोस. तुला कुणी विचारायचं?"

कुणीतरी हसलं, पण एनकचा चेहरा बघून गप्प झालं.

"आत काही नाही," एनक म्हणाला. "पोर गेल्यापासून हाका मारतोय, ओ येत नाही. तुम्ही दुसरा पुढारी बघा."

"अरे, दुसरा कशाला?" सूत कातणारी म्हातारी हॅना तडकली. "तू सुखात आहेस म्हणून येतो होय आम्ही?"

लूक त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. "मला प्रार्थना धड येत नाही. पण आज मी करतो. हसलास तर बघ." मग डोळे मिटून म्हणाला, "देवा, आमच्या भावाला ऐकू येत नाहीये. जरा मोठ्यानं बोल. तोवर आम्ही आहोत त्याच्यापाशी."

पोरीला पुरल्यापासून एनक रडला नव्हता. तो आता रडला.

त्या दिवशी आतलं काही पालटलं नाही. पुढले कित्येक आठवडे तो तसाच गार होता, पण लपवत नव्हता. प्रार्थना लूक करायचा, अडखळत. गवत कापणीच्या सुमारास एका सकाळी मागावर धोटा फेकताना एनक गुणगुणू लागला. मर्सीनं ऐकलं.

पुढे तो लूकला घेऊन खोऱ्यापलीकडच्या गावी उपदेशाला गेला. तिथल्यांनी सडके सलगम मारले. लूक पुढे उभा राहून अंगावर झेलत, तोंडावर आलेल्या शिव्या गिळत होता. एनकनं मात्र नेहमीची दयेची गोष्ट बाजूला ठेवली, हाका मारूनही ओ न आल्याचे दिवस सांगितले आणि पहिल्यांदाच परक्या लोकांपुढं टॅबिथाचं नाव घेतलं.