मठाच्या चिंचेखाली

“मी तिला हात लावणार न्हाई. तूच पाज पाणी,” हे उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले.

आमची नात वर्षाराणी तापानं फणफणली होती. एरवी दिवसभर आज्ज्याच्या खांद्यावर बसणारी पोर, आणि हा माणूस तिच्याजवळ यायला तयार नाही. माझं डोकंच फिरलं.

“आवं, लेकरू आज्जा आज्जा करून राहिलंय. तुम्ही तिकडं कामून थांबलाव?”

“गौरम्मा, हे दुखणं मीच आणलंय घरात,” हे म्हणाले आणि तिथंच मटकन खाली बसले. “त्या वटवाघळांचं.”

आमचे हे, बसलिंगप्पा, जन्माचे भित्रे. विजेला भितात, इंजेक्शनला भितात, ग्रामसेवकाला तर विचारूच नका. ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडायचं काम करतात. आमच्या निलंग्याकडं पाण्याची बोंब, एका गल्लीला पाणी आलं की पुन्हा आठ-दहा दिवस नळ कोरडा. पाणी सोडायची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, मठाच्या चिंचेखाली, आणि त्या चिंचेवर शेकडो वटवाघळं लटकलेली. जुनी माणसं म्हणायची, ती उलटं टांगून घेऊन शिवाचं तप करतात. म्हणून दिवाळीत आमच्या गावात कुणी फटाका वाजवत नाही. पोरांना वाजवायचेच असले तर पार फाट्यावर जावं लागतं.

उन्हाळ्यात नांदेडहून मनिषाताई आली. कॉलेजात शिकवते. वटवाघळं कुठं कुठं उरलीत, कमी होतायत की काय, याची नोंद ठेवणारी माणसं ती गावोगाव शोधत होती. म्हणाली, “काका, तुम्ही रोज सांजच्याला इथंच असता. झाडावरून उडताना मोजा, अन् फोनात भरा. उद्या कुणी झाड तोडायला निघालं, तर ते वाचवायला आमच्याकडं कायतरी पुरावा पाहिजे.”

यांना वटवाघळांची भीती होतीच, पण नाही म्हणायची त्याहून जास्त. झाले तयार. रोज संध्याकाळी डोक्याला रुमाल घट्ट गुंडाळायचे, कानसुद्धा झाकायचे आणि आभाळाकडं बघत पुटपुटत मोजायचे. मी हसायची. पण घरी आले की तोंडावर एक वेगळंच समाधान असायचं, खोटं कशाला बोलू.

मग श्रावणात फोनवर केरळातल्या वटवाघळांच्या तापाच्या बातम्या फिरायला लागल्या. झालं! यांची झोप उडाली. दारात आले की कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे. अंगणातल्या पाण्याच्या ड्रममध्ये वटवाघळांची घाण पडेल म्हणून चारही ड्रम ओढून घरात आणले आणि वर्षाराणीच्या खाटेशेजारी मांडले. झाकणं फुटलेली, वर माझी जुनी लुगडी टाकली. मीच हातभार लावला. भीतीला काय, घरात एकाला असली की सगळ्यांना लागते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोरगी तापली.

दुसऱ्या दिवशी मुलगा अमरनाथ आणि सून तिला लातूरला घेऊन गेले. दवाखान्यात भरती केलं, रक्त तपासायला दिलं. अमरनाथनं फोनवर सांगितलं, डॉक्टर म्हणतायत पेशी उतरतायत. हे तर भिंतीतल्या देवळीपुढं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून नुसते बसून होते. जेवण नाही, पाणी नाही.

गावात खबर लपते थोडीच. सांजेच्या आत मठापुढं माणसं जमली, आम्हालाही बोलावून नेलं. किराणावाला वीरण्णा पुढं. हातात दुकानातले सुतळी बॉम्ब.

“आज ह्याच्या घरात पोरगी पडली, उद्या तुमच्या-माझ्या घरात पडंल. उडवून लावू समदी. बसलिंगप्पा, तू तर रोज खाली असतूस. तूच सांग, ह्यांच्यामुळंच ना?”

सगळ्यांचे डोळे यांच्यावर. यांनी मान खाली घातली. मी मागनं यांचा कोपर धरला.

तेवढ्यात फोन वाजला. अमरनाथ होता. यांनी ऐकलं आणि फोन माझ्या कानाला लावला.

“अव्वा, डेंग्यू निघालाय. वटवाघळांचं काई न्हाई. डॉक्टर इचारून राहिलेत, घरात पाणी साठवलंय का? डासांचा आजार हाय हा.”

माझ्या डोळ्यांपुढं ते ड्रम आले. सकाळीच मी लुगडं उचलून तांब्या बुडवला होता. पाण्यात अळ्या वळवळत होत्या, आणि मी त्या बाजूला सारून पाणी घेतलं होतं. अय्यो शिवने! पोरीच्या उशाशी आम्हीच डास पाळले होते.

यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही कळलं होतं. आता बोलायचं म्हणजे सगळ्या गावापुढं आपलीच चूक सांगायची, आणि सुनेला उद्या तोंड दाखवायचं. मला वाटलं, हे बोलणार नाहीत. पण हे पुढं झाले.

“डेंग्यू हाय,” आवाज इतका कापत होता की निम्म्यांना ऐकूच गेला नाही. “माझ्या घरातल्या डरमात डास झाले. मी भिऊन पाणी आत घेतलं, म्हणून झाले. ह्या जित्राबांचा काई गुन्हा न्हाई. वीरण्णा, पाया पडतो तुझ्या, बार नको लावू.”

वीरण्णा हसला. “ह्यो सावलीला भिणारा माणूस. भेदरलाय, कायबी बोलून राहिलाय.”

मी ओरडले, “खरं हाय ते! माझ्या पोराचा फोन होता!” पण कोण ऐकतंय? पहिली वात पेटली होती.

जन्मात पहिल्यांदा त्या चिंचेखाली बार वाजला. मग वाजतच राहिले. वटवाघळं एकदम उठली. उन्हं अजून होती, त्या उजेडात आंधळ्यासारखी एकमेकांवर आपटत गावावर फिरली, किंचाळली. चार-दोन खाली पडली. हे दोन्ही हात डोक्यावर घेऊन बुंध्याला टेकून बसले होते, पण तिथून हलले नाहीत.

वर्षाराणी बरी झाली. दहाव्या दिवशी घरी आली तेव्हा पार काडी झाली होती, पण आल्या आल्या आज्ज्याच्या खांद्यावर चढली. सून महिनाभर आमच्याशी नीट बोलली नाही. तिचं काय चुकलं? ड्रम मी फोन आला त्याच दिवशी अंगणात उपडे केले होते.

चिंच मोकळीच राहिली. मला वाटलं, आता मोजणं सुटलं. पण यांनी मनिषाताईला फोन लावला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “काका, एकही दिसलं नाही तरी भरायचं. शून्य पण भरायचं असतं.”

तेव्हापासून हे रोज जातात. काल मीही गेले. चावी फिरवली, पाणी सुटलं, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं वर बघत उभे राहिलो. फांद्या नुसत्याच होत्या.

“दिसलं का एखादं?” मी विचारलं.

“न्हाई,” म्हणत त्यांनी फोनात शून्य भरलं.

रुमाल त्यांच्या खांद्यावर होता. डोकं उघडंच होतं.