करंजाखालची माती

"मॅडम, बुरशी आपलीच आहे ना?" सयाजी सरांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मिनलला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं.

"नाही सर. डीएनए जुळत नाही. कुंड्यांत दुसरीच बुरशी घुसलीय. आपली मेली."

मिनलला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिचे वडील किसन पिंपरीत निकेल प्लेटिंगच्या कारखान्यात होते. तिथल्या मागच्या आवारात निकेलच्या सांडपाण्यामुळे गवतही उगवत नसे, पण त्यांनी लावलेलं करंजाचं झाड तरारलं, ते मुळांतल्या या बुरशीच्या जोरावर. वडील गेले. गोडाऊनसाठी झाड पाडलं, त्याआधी मिनलने मुळाखालची माती चाकणच्या या खतकंपनीत आणली. सरांनी बुरशीला स्वतःचं नाव देऊन टाकलं. मिनलचं नाव आभारातसुद्धा नव्हतं.

ही बुरशी बाटलीत वाढत नाही, तिला जिवंत मूळ लागतं. म्हणून ती ज्वारीच्या कुंड्यांत जपतात, एकीची माती दुसरीत उडू न देता. जागा वाचवायला सरांनी वेगवेगळ्या बुरशींच्या सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून लावल्या. मिनलने ते पाहिलं आणि तोंड उघडलं नाही.

"तुझ्या घरी आपल्या बुरशीची एक कुंडी आहे ना? आण, बाई. या वेळी नाव तुझंच लावतो."

"आणते, सर."

रहाटणीच्या घराच्या गॅलरीतून कुंडी उचलताना आई, कस्तुरा, आडवी आली. "कुठं नेतीस? तुज्या बापाचं तेवढंच राह्यलंय."

"परत आणते, आई."

लॅबमध्ये सर हात पुढे करून उभेच होते. मिनलने ज्वारी उपटली आणि मुळं, कुंडीतली सगळी माती ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेने जंतू मारायच्या यंत्रात, टाकली. झाकण आवळून बटण दाबलं. वाफ भरू लागली.

"अगं, काय केलंस? उघड ते!"

"प्रेशर उतरल्याशिवाय उघडत नाही, सर."

सरांनी झाकणाचा दांडा ओढून पाहिला. त्यांचा चेहरा पडला, आणि तो तिने पोटभर पाहिला. मग प्रेशरचा काटा चढत गेला, तसा तिचाही हात नकळत दांड्याकडे गेला. पण झाकण तिच्यासाठीही उघडणार नव्हतं.

संध्याकाळी कुंडी गॅलरीत परत आली. आईने माती चाचपली.

"कोंबट लागती गं. ज्वारी कुठंय?"

"नवी पेर."

"उगवंल न्हवं?"

"ज्वारी उगवेल, आई."

कस्तुराने चार दाणे टोचले. माती उडू नये म्हणून ती ओंजळीतून हळूहळू पाणी सोडू लागली, मिनलनेच शिकवलं होतं तसं.