मदर येणार

आमच्या मिशनच्या बालवाडीत तीन सिस्टर, खोलीभर पोरं आणि मी. मला सगळे मावशी म्हणतात. भात शिजवणं, नाकं पुसणं, ओल्या चड्ड्या बदलणं आणि अधूनमधून सिस्टर मंडळींना चार शब्द सुनावणं ही माझी कामं. शेवटचं काम मला कुणी दिलेलं नाही, मीच अंगावर घेतलंय.

शुक्रवारी मदर येणार असं कळलं आणि म्हाताऱ्या मोठ्या सिस्टरनी काठी टेकत चुन्याची बादली काढली. मदर म्हणजे या सगळ्या सिस्टरांच्या वरच्या. शहरात असतात, वर्षातून एकदा येतात आणि कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवून ते उजेडात धरतात. आठवडाभर आम्ही घासलं, पुसलं, रंगवलं. स्वागताचं गाणं शिकवता शिकवता धाकट्या सिस्टरचा घसा बसला.

ही धाकटी म्हणजे कालपरवा शपथ घेतलेलं लेकरू, उत्साह नुसता उतू जातो. नेमके त्याच आठवड्यात तिने इंग्रजी शब्द शिकवायला घेतले. फादर म्हणजे बाबा, सिस्टर म्हणजे ताई, मदर म्हणजे आई. पोरांनी छपराचे पत्रे हलेपर्यंत ते घोकलं. भांडी घासता घासता माझंही पाठ झालं.

आता चिमटीचं सांगते. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती म्हणून हे नाव पडलं. वय चार, तोरा चाळिशीचा. तिची आई शहरातल्या एका दवाखान्यात चादरी धुते. पोर दुडूदुडू चालायला लागली तेव्हा गेली, ती अजून परत आलेली नाही. रजा मागितली की मुकादम म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. चिमटीला मामा सांभाळतो. तो सायकली दुरुस्त करतो, आणि पोरीच्या वेण्याही नट आवळावा तशा आवळून घालतो.

गुरुवारी मी भात ढवळत होते. चिमटी येऊन माझ्या पदराला लोंबकळली.

"मावशी, उद्या मदर नक्की येणार ना?"

"येणार म्हणजे? माझी कंबर मोडली त्यांच्यापायी!"

"मी तिला झोपायला जागा केलीय. माझ्या गोधडीत."

माझा झारा हातातच राहिला. मदर कशाला झोपतील हिच्या गोधडीत? आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तिला उचलून थेट धाकट्या सिस्टरपुढे उभी केली आणि म्हटलं, "निस्तरा आता."

धाकटीचा चेहरा चुन्यापेक्षा पांढरा झाला. ती खाली बसली, पोरीचे हात हातात घेतले. "चिमटे, उद्या येणाऱ्या मदर आमच्या मोठ्या बाई आहेत गं. तुझी आई नाही."

"तूच म्हणालीस, मदर म्हणजे आई."

"म्हणाले मी, पण…"

"रोज म्हणालीस!" असं म्हणून चिमटी मैत्रिणींना गोधडीचं सांगायला निघून गेली. तिच्या लेखी विषय मिटला होता.

धाकटी रडायला लागली. मलाही तिचा राग आला होता, पण तो टिकेना. मोठ्या सिस्टर तिथेच भिंतीला चुना लावत उभ्या होत्या. चुन्याचे हात झग्याला पुसत त्या म्हणाल्या, "मदरची गाडी त्याच शहरातून येते. फोन लाव."

"मदरना? मी?"

"शब्द कुणी शिकवला?"

धाकटीने फोन लावला. मी कान लावून उभी राहिले, खोटं कशाला बोलू. तिने अडखळत सगळं सांगितलं. पलीकडून मदरचा कोरडा आवाज आला, "दवाखान्याचं नाव सांग." नाव सांगताच फोन कट. येते नाही, बघते नाही, काही नाही. त्या रात्री आमच्यातली एकही धड झोपली नसणार.

शुक्रवारी पोरं फाटकाशी रांगेत उभी. मामाही काम टाकून आला होता. चिमटी सगळ्यांच्या पुढे, मान ताणून. गाडी यायला उशीर झाला, तसा माझा जीव टांगणीला लागला. शेवटी धूळ उडवत गाडी आली. पुढचं दार उघडलं आणि मदर उतरल्या, एकट्याच. पोरांनी गाणं सुरू केलं, आणि चिमटी रांग मोडून धावली. तिने मदरचं बोट घट्ट पकडलं आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी आई!"

गाणं बंद पडलं. मदर हलल्या नाहीत, बोटही सोडवून घेतलं नाही.

तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं. हाताची कातडी सोललेली, केस कापलेली एक बारकीशी बाई उतरली आणि तिथेच थिजली. लेकीने दुसरीचं बोट धरलेलं तिने पाहिलं होतं. चिमटीनेही तिच्याकडे पाहिलं, अनोळखी पाहुणीकडे बघावं तसं. मग बाईने घसा खाकरला.

"राणीसाहेब आहेत का घरी?"

मामा माझ्याशेजारी पुटपुटला, "फोनवर हेच विचारते ती, दर वेळी."

"आहेत!" चिमटी सवयीने ओरडली. ओरडली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्या क्षणी ती जी सुटली ती मदरना बोटाला धरून फरपटत घेऊन सुटली. मदरना धावताना मी तरी कधी पाहिलं नव्हतं. आईने लेकीला उचलून छातीशी धरलं, आणि पोरीच्या मुठीत बोट अडकलेलं म्हणून मदरही त्या मिठीत ओढल्या गेल्या. मामा चाकात हवा बघितल्यासारखा गाडीच्या टायरकडे वाकला. रडत होता, दुसरं काय.

बऱ्याच वेळाने चिमटीने आईच्या खांद्यावरून डोकं काढलं आणि मदरना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग ही कुणाची आई?"

मदर स्वतःच खाली बघायला लागल्या. तेवढ्यात मोठ्या सिस्टर काठी टेकत पुढे आल्या.

"माझी," त्या म्हणाल्या.

"पण तू तर तिच्याहून म्हातारी आहेस!"

आधी मदर हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग आम्ही सगळेच हसत सुटलो, आणि त्या गडबडीत माझा भात खाली लागला. लागू दे. त्या दिवशी कपाटावरून कुणी बोट फिरवलं नाही. मदरचं बोट जेवण होईपर्यंत चिमटीच्याच मुठीत होतं.