डावा खांदा

वल्लरीने पहिलाच वार देवांगच्या डाव्या खांद्यावर केला. हूल नाही, काही नाही. लाकडी तलवार ढालीवरून सरळ आत आली आणि कळ थेट बोटांपर्यंत गेली.

शॉमबर्गच्या या पार्कमध्ये दर रविवारी त्यांची शाळा भरायची. जुन्या रोममधल्या ग्लॅडिएटरांच्या शाळेसारखी. जमिनीत रोवलेले खांब, लाकडी तलवारी, एका खांबाला दोघांची जोडी. जोडीदारांनी आपसात लढायचं नाही, हा नियम. देवांगचा जोडीदार प्रताप, त्याचा रूममेट.

आज निवड होती. वल्लरीसमोर जो जास्त वेळ टिकेल, तो समर शोमध्ये तिच्याशी लढणार. प्रतापची फेरी झाली होती. बऱ्यापैकी टिकला होता तो. पण देवांगचे आई-बाबा त्या शोसाठी नागपूरहून येणार होते. ‘आमचा पोरगा तलवार चालवतो,’ असं बाबांनी अख्ख्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं.

दुसरा वार. तिथेच. ढाल हातातून निसटली.

“देव, बोट वर कर यार!” प्रताप बाहेरून ओरडला. “खांदा जाईल तुझा!”

बोट वर म्हणजे हार. तिसऱ्या वाराला देवांगने तलवार टाकली आणि उजव्या हाताचं बोट वर केलं.

वल्लरीने शिरस्त्राण काढलं. “ए, जास्त लागलं का रे?”

“खांदाच का धरलास?”

“म्हणजे? तूच निरोप दिलास ना? प्रताप म्हणाला, तुला तिथेच मार हवाय. भीती घालवायला.”

हिवाळ्यात बर्फावर घसरून खांदा निखळला होता, हे त्याने फक्त प्रतापला सांगितलं होतं. त्याने वळून पाहिलं. प्रताप खाली वाकून सँडलचा पट्टा बांधत होता. बांधलेलाच होता तो.

“हो,” देवांग म्हणाला. “मीच सांगितलं होतं.”

मग प्रताप जवळ आला.

“चल, डॉक्टरकडे जाऊ. मी ड्राइव्ह करतो. आणि काका-काकूंचं टेन्शन घेऊ नकोस. त्यांना मी एकदम पुढच्या रांगेत बसवतो.”

बोलता बोलता त्याने देवांगच्या चिलखताच्या मागच्या बकलला हात घातला. एकट्याला ते काढता येत नसे.

देवांग एक पाऊल पुढे सरकला आणि वल्लरीकडे पाठ करून उभा राहिला.

“तू काढशील?”

पट्टा घामाने आवळला होता. तिला वेळ लागला. प्रताप गाडीची किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता.