भांडणांची पेटी

मित्रांनो, तीन खणांची, सागवानी, कार्डं ठेवायची मी एक जुनी पेटी. वय एकतीस. लाकडाच्या मानाने हे काही फार नाही. पण गेल्या महिन्यात जे घडलं त्याने माझे सांधेच हादरले. अजून खरं वाटत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

मला एका सुताराने तर्कशास्त्राच्या एका शिक्षकांसाठी बनवलं. माप घेताना त्याने विचारलं, "सर, यात ठेवणार काय?"

"भांडणं," सर म्हणाले.

"मग कडी दणकट बसवतो," सुतार म्हणाला आणि खरंच बसवली.

सरांची कामाची रीत अशी. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्यायचं, वर एका शब्दात विषय, खाली कुणा विचारवंताचं म्हणणं. पहिली बारा कार्डं प्राचीन ग्रीकांची. सगळं पाण्यापासून झालं म्हणणारा सर्वांत पुढे. मग सगळं सतत वाहतं, बदलतं म्हणणारा. मग न तुटणाऱ्या कणांचा. मग भर बाजारात लोकांना प्रश्नांनी हैराण करणारा, त्याचा चेला आणि त्या चेल्याचाही चेला. हा शेवटचा तर गुरूचं म्हणणं खोडून समुद्रकाठी मासे चिरत बसला आणि प्राण्यांचे गट पाडू लागला.

नंतरच्या काळातली कार्डं सर सालाप्रमाणे लावत नसत. ज्याचं म्हणणं ज्याला उत्तर देतं, त्याच्या पाठीशी त्याचं कार्ड. त्यामुळे कणवाल्याच्या मागे दोन हजार वर्षांनंतरचा रसायनशास्त्रज्ञ यायचा. वाळवंटाकडच्या शहरांतले वैद्य, मठांतले साधू, दुर्बिणीतून आकाश बघणारे, सगळे माझ्या पोटात एकमेकांना खेटून. ग्रीकांना चूक ठरवणारेसुद्धा त्यांच्याच मागे. "चूक ठरवायलाही त्यांचीच हत्यारं लागतात," सर म्हणत. कार्डांवर क्रमांक नव्हते. कुणाच्या मागे कोण, हाच सरांचा सगळा विचार, आणि तो दुसरीकडे कुठेच लिहिलेला नव्हता.

रोज दुपारी चारला सरांचे मित्र येत. त्यांनी जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, म्हणून सगळे त्यांना खिळेकाका म्हणत. एकेका कार्डावरून दोघं हमरीतुमरीवर येत. सरांची लेक ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी करायची. सर तिला शिस्तबाई म्हणत.

"बाबा, कधीच्या मेलेल्या माणसांवरून शेजाऱ्यांची झोप का मोडता?" ती दारातूनच विचारायची.

"मेलेत कुठे? तू आत्ता त्यांच्याच पद्धतीने मला कोंडीत पकडते आहेस, शिस्तबाई."

मग एका सकाळी सर उठलेच नाहीत.

आठ-दहा दिवसांनी लेक माझ्यासमोर बसली. ती रडताना मला दिसली नव्हती. तिने बाह्या दुमडल्या आणि तिला जे उत्तम येत होतं ते बाबांसाठी केलं. सोळाशे कार्डं बाहेर काढली, वरचा तेवढा शब्द वाचला आणि अक्षरांप्रमाणे लावली. 'अणू' पहिलं, 'ज्ञान' शेवटचं. मी हबकले! मधला खण मी घट्ट अडकवून धरला. तिने कडेला साबण घासला आणि तो सरकवला.

चार वाजता खिळेकाका आले. त्यांनी वरचा खण उघडला.

"पाणीवाला कुठे गेला?"

"मधल्या खणात असेल, काका. सगळं नीट लावलंय. आता कुणालाही चटकन सापडेल."

काकांनी पुढची चार-पाच कार्डं उपसून पाहिली. "अगं पोरी, तुझ्या बापाची एकतीस वर्षं एका दुपारात विस्कटलीस तू."

"पसारा होता तो..."

"क्रम होता! कोण कुणाला उत्तर देतंय, त्याचा क्रम!"

तिच्या हातातला साबण खाली पडला.

"तुम्हाला पाठ असेल ना?" तिने विचारलं.

"साठ-सत्तर सांगेन. बाकीची वाचून ताडावी लागतील."

दोघं रोज बसू लागली. आता प्रत्येक कार्ड तिला अखेरपर्यंत वाचावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी 'जागा' असं लिहिलेलं कार्ड हाती आलं. ती वाचू लागली आणि मध्येच थांबली. उरलेलं काकांनी वाचलं: "शिस्तबाई म्हणते, प्रत्येक वस्तूला एकच योग्य जागा असते. पंधरा दिवस विचार करतोय. खोडता आलेलं नाही."

"काका, हे कुठे होतं?"

"हे मी आजच बघतोय."

"आठवा ना!"

"आठवायला आधी पाहिलेलं लागतं गं."

"बाबांनी मला कुणाच्या मागे ठेवलं होतं?"

काका हळूच म्हणाले, "गट पाडणाऱ्याच्या मागे असशील, तर त्याची वारस. सगळं वाहतं म्हणणाऱ्याच्या मागे असशील, तर त्याच्याशी भांडायला."

तेव्हा ती रडली. बसल्या जागी, माझ्या उघड्या खणावर डोकं टेकून.

मित्रांनो, मला ठाऊक आहे. ते कार्ड या दोघांच्याही मागे नव्हतं. ते भर बाजारात प्रश्नांनी लोकांना कोंडीत पकडणाऱ्याच्या मागे होतं, आणि त्याच्या मागे सरांनी एक कोरं कार्ड लावलं होतं, उत्तर सुचलं की लिहायला. लेकीने ते कोरं म्हणून बाजूला काढलं. आता ते फोनशेजारी आहे. त्यावर दूधवाल्याचा नंबर लिहिलाय. तिला हे कसं सांगू?

म्हणून तुम्हाला विनवते. कुणाचं सामान आवरायला बसाल, तेव्हा वरचा शब्द वाचून थांबू नका. आणि माणूस समोर आहे तोवर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारून घ्या, हे याच्या शेजारी का ठेवलंत?