तिसरी ओळ

मास्तर चर्चमधल्या ऑर्गनपाशी आले, तर बाकावरची त्यांची उशी गायब होती आणि बाकावर त्यांची मुलगी बसली होती.

“ऊठ.”

“बाबा, आजपासून मी वाजवणार आहे. पाळकसाहेबांशी बोलणं झालंय.”

“कोण बोललं त्यांच्याशी?”

मुलीनं गीताचं पान उगाच सरळ केलं. “मीच.”

मंडळी आत येत होती. चारचौघांत तमाशा नको म्हणून मास्तर वळले आणि थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसले. उशी तिथं होती. तिनं आधीच नेऊन ठेवली होती, म्हणजे सगळं ठरवूनच चाललं होतं! सूर धरायला त्यांनी शिकवलेल्या पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला होता. त्यांनी उशी पायानं बाकाखाली सारली.

उभ्या आयुष्यात आपण एक सूर चुकलो नाही, असं मास्तर येताजाता सांगत. मंडळी मान डोलावत.

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, तसे मास्तरांनीही मिटले. देवा, ते मनात म्हणाले, खरं काय ते आज एकदा दाखवच. आमेन मात्र त्यांनी मोठ्यानं म्हटलं.

पहिलं गीत सुरू झालं. पोरगी बरी वाजवत होती, तेवढं त्यांना कबूल करावं लागलं. मग तिसरी ओळ आली. “कृपा” या शब्दावर सगळी मंडळी रेंगाळली आणि ऑर्गन एकटाच पुढे निघून गेला. गाणं फाटलं. पाळकसाहेब गडबडले.

चुकली! मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी गुडघ्यावर बोटानं ताल धरला, तीच ओळ मनात पुन्हा म्हटली आणि बोट थांबलं. ऑर्गन बरोबर होता. चुकली होती ती मंडळी, आणि तीही सगळी एकजात, एकाच जागी.

शेजारी एक आजीबाई चष्मा पुसत होत्या. मास्तर त्यांच्याकडे झुकले.

“त्या शब्दावर का थांबलात सगळे?”

“तुमच्यासाठी थांबायचो की, मास्तर. तिथं तुमचं बोट वेळेवर वळायचं नाही ना.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “आता सवयच पडलीय.”

“मला कुणी बोललं नाही ते.”

“काय बोलायचं त्यात?”

मास्तरांचे कान तापले. इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना फसवलं होतं. उठून चालतं व्हावं म्हणून पुढच्या बाकाला धरून ते अर्धवट उठले. पण दुसरं कडवं तिसऱ्या ओळीपाशी आलं होतं. “कृपा” आली तशी पोरीनं बोटं पट्ट्यांवर तशीच दाबून धरली आणि ती थांबली, अगदी त्यांच्या बोटाला लागायचा तेवढा वेळ.

मास्तर खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनी बाकाखालून उशी ओढून घेतली.

चर्चमध्ये ते कधी गायले नव्हते, नेहमी वाजवतच आले होते. शेवटच्या कडव्याला त्यांनी तोंड उघडलं, तर आवाज चिरका आणि बेसूर निघाला. आजीबाईंनी समोर पाहत आपला आवाज जरा चढवला.